रिकामा शुक्रवार आणि दानिएरची नखं

सदर इसमाचे नाव दानिएर कोरालेस पेनिचेत. वय बावीस. जन्म व वास्तव्य सान बेनिग्नो. उंची मध्यम, बांधा सडपातळ, वर्तन समाधानकारक. कोणत्याही समितीत पद नाही, परंतु सर्व सभांस हजर. व्यवसाय : सिगार कारखान्यात वळणी कामगार, तृतीय श्रेणी; सध्या स्वतःच्या विनंतीवरून शीर विभागात. क्रीडाविषयक दर्जा : नगराच्या बेसबॉल संघाचा राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; डावखुरा. चेंडूचा वेग मोजण्यात आला. उल्लेख करण्याजोगा आढळला नाही. विशेष खूण : डाव्या हाताची तर्जनी व मध्यमा या दोन बोटांची नखे पुरुष कामगारास शोभतील त्याहून लांब. सदर इसमाची सुरुवातीच्या तीन पिचरांत वर्णी लागण्याची शक्यता : विचाराधीन.

आमच्या गावात पाण्याची नवी टाकीही विचाराधीन आहे. तिच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आता बदकं असतात.

मी त्या कारखान्यात वाचक आहे. म्हणजे कामगार सिगार वळत असतात आणि मी उंच ओट्यावर बसून त्यांना सकाळी वर्तमानपत्र आणि जेवणानंतर कादंबरी वाचून दाखवतो. तिथून सगळे दिसतात. दानिएर तिसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या बाकावर, कासिमिरोच्या शेजारी बसायचा. कासिमिरो हा कारखान्यातला सगळ्यात जुना वळणारा आणि फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा नगरसंघाचा कॅचर. दानिएरला सिगार वळायला त्यानंच शिकवलं. त्याचे चेंडू झेलायचं काम मात्र तो शक्य तेवढं टाळायचा, आणि त्याला कारण होतं.

प्रांतिक स्पर्धेत आमचे सामने शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे होतात. एका सामन्यात पिचरच्या खांद्याचं इतकं भरीत होतं, की पुढे आठवडाभर त्याला हात वर करून बसमधल्या दांडीला धरवत नाही. म्हणून तिघांचा फेरा ठरलेला असतो : एकाचा शुक्रवार, एकाचा शनिवार, एकाचा रविवार. ज्याचा वार असतो त्याला न्हावी रांगेत बसवत नाही आणि कॉफी दुसऱ्यांदा विचारली जाते. ज्याचा वार नसतो तो राखीव. राखीव पिचरचं काम कुंपणाजवळ उभं राहून हात गरम करणं. दानिएर दोन हंगाम हात गरम करत होता. बाजारात लोक त्याला म्हणायचे, "काय रे, आज तरी तापलास का? तापला असशील तर थांब, तुझ्यावर दूध ठेवतो."

तो हसायचा. त्याला राग येत नसे, किंवा आला तरी तो चेंडूसारखाच हळू येत असावा.

हळू टाकण्याची सवय त्याला लहानपणी लागली. तो वाढला आठ बिऱ्हाडांच्या एका अंगणात, आणि त्या अंगणाच्या एका टोकाला एर्मिनियाबाईंची खिडकी होती, गावातली बहुधा शेवटची अख्खी काच असलेली. एर्मिनियाबाई खिडकीत झाडू घेऊन बसायच्या. जोरात चेंडू टाकणाऱ्या मुलाचा चेंडू जप्त व्हायचा आणि चेंडू म्हणजे कुणाच्या तरी बापाचा मोजा असल्यामुळे घरी गेल्यावर वेगळी सुनावणी व्हायची. बाकीची मुलं दुसऱ्या गल्लीत गेली. दानिएर तिथेच राहिला आणि चेंडू हळू टाकूनही तो समोरच्याला मारता येऊ नये याची काही सोय आहे का, ते बघत बसला.

सोय निघाली. चेंडू तळहातात न धरता दोन नखांच्या टोकांवर पेलायचा आणि ढकलून द्यायचा. असा चेंडू हवेत फिरत नाही. तो न फिरता येतो, आणि मग वाऱ्याला वाटेल तिकडे जातो. डावीकडे निघतो, मधेच मन बदलतो, फलंदाजापाशी येऊन बसकण मारतो. टाकणाऱ्यालाही तो कुठे जाणार हे ठाऊक नसतं, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळायचा प्रश्नच उरत नाही. अडचण एवढीच, की त्याला नखं लागतात. सिगार वळणाऱ्याला नखं चालत नाहीत. सिगारचं सर्वांत वरचं पान सायीसारखं असतं. जरा नख लागलं की फाटतं, आणि फाटक्या पानाची सिगार तपासनीस परत पाठवतो. म्हणून दानिएर दर सोमवारी नखं कापायचा, आणि शुक्रवारपर्यंत जेवढी वाढायची तेवढ्यावर चेंडू जेमतेम एकदा कूस बदलायचा.

मार्चमध्ये आमचा शुक्रवारचा पिचर लिओनेल पंधरा दिवसांसाठी समुद्रापलीकडे ताम्पाला आत्याला भेटायला गेला. आत्येचा सहवास त्याला फार मानवला असावा. अजून आलेला नाही. शुक्रवार रिकामा झाला.

संघाचे प्रशिक्षक बासिलिओ सर यांनी लगेच जाहीर केलं, की जागेसाठी दोघांचा विचार होईल : दानिएर, आणि रोलांदितो. रोलांदितो एकोणीस वर्षांचा, क्रीडाशाळेतून आलेला, घोड्यासारखा पोरगा. त्याचा चेंडू दिसायचा नाही, ऐकू यायचा. तो बासिलिओ सरांच्या मेव्हण्याचा मुलगा होता, पण ही गोष्ट निवडीत आड येऊ द्यायची नाही असं सरांनी मोठ्या मनानं ठरवलं होतं.

"दोघांना एकेक शुक्रवार," सर म्हणाले. "आधी रोलांदितो. मग सांता फिलोमेनावाले येतील तेव्हा दानिएर."

सांता फिलोमेना हे शेजारचं गाव, आणि स्पर्धेच्या गुणतक्त्यात पहिलं. रोलांदितोच्या वाट्याला तक्त्यातलं शेवटचं गाव आलं होतं. यावर पार्कात बरंच बोलणं झालं.

रोलांदितोचा शुक्रवार लवकरच आला आणि लवकरच आटोपला. पहिल्या इनिंगमध्ये त्यानं चेंडू भलतीकडे टाकून चौघांना फुकट बेस दिला, पाचव्याच्या बरगडीत चेंडू मारला आणि सहाव्याला टाकलेला चेंडू शेंगदाणेवाल्याच्या टोपलीत गेला. शेंगदाणेवाल्यानं चेंडू परत दिला. आमच्याकडे प्रेक्षकांत गेलेला चेंडू परत द्यायचा असतो, चेंडू मोजकेच आहेत.

"पण वेग पाहिलात?" बासिलिओ सर म्हणाले.

"पाहिला," शेंगदाणेवाला म्हणाला. "टोपली नवी घेऊन द्या."

मधल्या शुक्रवारी आमचे सामने नव्हते, त्यामुळे दानिएरपुढे महिना होता. त्या सोमवारी त्यानं नखं कापली नाहीत. बुधवारी तपासनिसानं त्याच्या सिगारींचा अख्खा गठ्ठा परत आणून टाकला. कासिमिरोनं एक उचलून उजेडात धरली.

"हे काय? मांजरानं वळली?"

"उस्ताद, मला नखं लागणारेत."

"मग बाकावरून ऊठ."

"उठतोच आहे," दानिएर म्हणाला.

कासिमिरोला वाटलं, पोरगा पाणी प्यायला निघाला. तो निघाला होता शीर विभागात. तिथे पानाची मधली जाड शीर ओढून काढतात, आणि त्या कामाला नख असलेलं बरंच असतं. पण तिथे सगळ्या बायका. आमच्या आठवणीत त्या खोलीत पुरुष गेला तो फक्त दिवा बदलायला. वळणाऱ्याचा बाक मिळवायला माणूस वर्षभर उमेदवारी करतो, आणि दानिएर तो सोडून मांडीवर फडकं पसरून बायकांच्या रांगेत बसायला गेला. पगार कमी, आणि इज्जतीचं तर विचारूच नका. दुपारपर्यंत पार्कात ते कळलं. संध्याकाळी तो सायकलवरून निघाला तर न्हाव्याच्या दुकानातून आवाज आला, "सेन्योरिता, जपून हं बाई! पडाल!"

शीर विभागाची मुकादम नेरेइदा. अंगानं भरभक्कम, आवाज बंदरावरच्या भोंग्यासारखा. तिनं पहिल्या दिवशी दानिएरला खालून वर न्याहाळलं.

"काय रे बाळा, आईशी भांडलास?"

"नाही मावशी. शुक्रवारसाठी नखं वाढवायचीत."

"कुठली?"

त्यानं दोन बोटं पुढे केली. नेरेइदानं ती हातात घेतली, चुरगळून बघितली, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बायांनो, हे बघा! कागद आहे कागद! याच्या घरात कुणी लसूण खात नाही का?"

त्या दिवसापासून ती दोन नखं ही शीर विभागाची सामुदायिक मालमत्ता झाली. सकाळी आल्या आल्या तपासणी. एकीनं लिंबाची फोड आणायची, एकीनं खोबरेल. दानिएरनं जड काही उचलायचं नाही, शिरा ओढायच्या त्या उजव्या हातानंच. आणि आमच्या सगळ्या बायका करतात तो उपाय : बिनरंगी नेलपॉलिशच्या बाटलीत लसणाच्या पाकळ्या ठेचून घालायच्या आणि ते नखांना लावायचं. नखं लोखंडासारखी होतात, असं त्या म्हणतात. दानिएर सायकलवरून गेला की गल्लीतली कुत्री मान वर करून बघायची, कुठे मटण शिजतंय.

कासिमिरोनं एक दिवस शेजारचा रिकामा बाक पाहिला. दुसऱ्या दिवशी तो शीर विभागाच्या दारात येऊन उभा राहिला. आत पाऊल टाकलं नाही.

"शुक्रवारी मला झेलायला लावू नकोस. दुसरा कुणी बघ."

"दुसरा कुणी झेलतच नाही, उस्ताद. सगळे पळतात."

"शहाणे आहेत. तू टाकतोस तो चेंडू नाही, गोमाशी आहे. मागच्या वेळी अंगठ्यावर बसली." त्यानं उजवा अंगठा दाखवला. "हा अंगठा माझ्या घरात चार माणसं पोसतो. तुझ्या शुक्रवारासाठी तो मोडून घेऊ?"

दानिएरनं पुढचं पान उचललं. नेरेइदा बोलली.

"कासिमिरो, पोरानं बाक सोडलाय. तू अंगठा लपवतोस?"

कासिमिरो निघून गेला. मात्र त्या संध्याकाळी तो चांभाराकडे दिसला. आपला जुना ग्लोव्ह उसवून, त्यात दुसऱ्या ग्लोव्हचं चामडं जोडून, तो टोपलीएवढा करून घेत होता. चांभारानं विचारलं, कशाला? तो म्हणाला, "मासे पकडायला."

सांता फिलोमेनावाले शुक्रवारी दुपारी दोन ट्रकांतून आले, ढोल वाजवत. आमच्याकडचे ढोल आणि एक तवा आधीच वाजत होते. शीर विभाग पहिल्या बेसच्या मागे ओळीनं बसला होता, कामाचे एप्रन तसेच. मला एक छत्री आणि नेरेइदाचा थर्मास सांभाळायला दिला होता.

सामन्याआधी बासिलिओ सरांनी दानिएरला सगळ्यांसमोर सांगितलं, "नऊ इनिंग पुऱ्या कर आणि जिंक, शुक्रवार तुझा. मधे बाहेर काढावं लागलं, तर रोलांदितो पुढचं संपवेल, आणि शुक्रवारही त्याचाच."

"बरं सर," दानिएर म्हणाला.

पहिल्या तीन इनिंग मी नीट सांगू शकत नाही, कारण हसून डोळ्यांत पाणी येत होतं. फिलोमेनाचे फलंदाज म्हणजे थोराड, ऊस तोडणारे गडी. चेंडू त्यांच्याकडे इतका सावकाश यायचा, की त्यांना दोनदा विचार करायला वेळ मिळायचा, आणि तेच त्यांना नडायचं. एकानं चेंडू पोहोचायच्या आधीच बॅट फिरवली आणि परत फिरवायला गेला. एक जण स्वतःभोवती गिरकी घेऊन खाली बसला. कासिमिरो त्या टोपलीनं हवेत मासे पकडत होता. काही सापडत, काही छातीवर आदळत. आमचे दोन धावपटू बेसांची फेरी पुरी करून परतले, त्यांचा एक. दोन–एक.

चौथ्या इनिंगमध्ये त्यांचे प्रशिक्षक आर्सेनिओ तरातरा मैदानात आले.

"पंचसाहेब, त्या पोराच्या बोटांवर काहीतरी चमकतंय."

पंच फुंदोरा हे एरवी प्राथमिक शाळेत गणित शिकवतात. त्यांनी दानिएरला हात पुढे करायला लावला, जसा ते वर्गात करायला लावत असावेत. नखं पाहिली. मग वाकून वास घेतला आणि झटकन मान मागे घेतली.

"लसूण?"

"हो सर."

"कशाला?"

"नखं मजबूत होतात."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते!" प्रेक्षकांतून नेरेइदाचा भोंगा वाजला. "आणि तुमची बायकोही म्हणते फुंदोरा, तिला मीच करून दिलंय!"

मैदानभर हशा झाला. फुंदोरा कानापर्यंत लाल झाले, पण नियम पाठ होता. पिचरच्या हातावर काहीही लावलेलं चालत नाही. रंग असो वा नसो, लसूण असो वा नसो. काढा. शीर विभागाला हे माहीतच नव्हतं. बिनरंगी म्हणजे नसल्यासारखंच, असं तिथल्या सगळ्यांचं मत होतं आणि पंचांना विचारून घ्यावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आता ते काढायचं कशानं? ॲसिटोन तेव्हा गावात मिळत नव्हतं. सगळ्या बायकांनी पर्सा उलट्या केल्या. शेवटी फिलोमेनाच्याच एका बाईनं छोटी बाटली वर धरली. तिच्या गावची माणसं तिच्यावर ओरडली. ती त्यांना म्हणाली, "गप रे! पोरगा तसाच उभा राहणार का?" आणि आमच्याकडे वळून, "बाटली परत पाहिजे."

नखं पुसली. नुसती, कोरडी, पांढुरकी. सामना सुरू झाला आणि चेंडू पूर्वीसारखाच नाचत राहिला. पाचवी, सहावी, सातवी. अजून दोन–एक. नेरेइदानं माझ्या हातातला थर्मास काढून घेतला, कॉफी ओतली आणि न पिता धरून बसली.

आठव्या इनिंगच्या पहिल्याच चेंडूला तर्जनीचं नख मधोमध फाटलं. ॲसिटोननं ते वाळवून टाकलं होतं. दानिएरनं बोट तोंडात घातलं. ते बघून कासिमिरो मुखवटा वर करत त्याच्याकडे चालत गेला, आणि बासिलिओ सरही निघाले. कुंपणाजवळ रोलांदितो हात गरम करू लागला. तिघं पिचरच्या उंचवट्यावर काय बोलले, हे मला नंतर तिघांकडून वेगवेगळं कळलं. जुळलं ते असं.

"सर, नख गेलं," दानिएर म्हणाला. लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"मग आता टाकणार काय?"

"साधा टाकेल," कासिमिरो म्हणाला. "सरळ. हळू."

"सरळ आणि हळू? तो तर माझी आईसुद्धा मारेल!"

"मग त्यांना सांगू नका."

बासिलिओ सरांनी कुंपणाकडे पाहिलं. नेमका तेव्हाच रोलांदितोचा चेंडू झेलणाऱ्याच्या डोक्यावरून जाऊन आमच्या मोठ्या ढोलात घुसला. ढोल थांबला. सर वळले आणि दानिएरला तिथेच ठेवून माघारी आले. त्यांच्या आयुष्यातला तो बहुधा सर्वोत्तम निर्णय असावा. तो त्यांनी घेतला असं मात्र म्हणता येणार नाही.

त्यानंतर जे झालं ते बेसबॉल होतं की नाटक, यावर पार्कात अजून एकमत नाही. दानिएर चेंडू तसाच धरायचा, दोन बोटं वाकवून, चेहरा तोच. आणि टाकायचा एक मऊ, सरळ, प्रामाणिक चेंडू, जसा आपण लहान पुतण्याला टाकतो. पण समोरचा माणूस तो नाचेल म्हणून थांबलेला. डावीकडे जाईल, खाली बसेल, आत्ता वळेल... आणि चेंडू मधून सरळ निघून गेलेला. यात कासिमिरोचा वाटा मोठा. सरळ येणाऱ्या चेंडूवर त्यानं अशी झेप घेतली, की धुळीचा लोट उठला. दुसरा त्यानं मुद्दाम छातीवर घेतला आणि आईची आठवण काढत कोलमडला. "मेलो! आज हा काही झेलता येत नाही!" फलंदाजानं मागं वळून पाहिलं आणि पुढच्या चेंडूला पाय आखडून उभा राहिला.

मागं उभे असलेले फुंदोरा सगळं पाहत होते. चेंडू दोरीत ओवल्यासारखा सरळ येतोय, हे मैदानात त्यांच्याइतकं कुणालाच दिसत नव्हतं. कॅचरनं अभिनय करू नये असा नियम पुस्तकात नाही. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद; ते फक्त हात वर करत राहिले : स्ट्राइक. स्ट्राइक.

आठवी गेली. नववीत दोन बाद. मग एकानं बॅट आंधळ्यासारखी फिरवली आणि योगायोगानं चेंडूला लागली. तो दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचला. पुढच्याला दानिएरनं फुकट बेस दिला, कारण तर्जनीच्या फाटक्या नखाखालून रक्त येत होतं. आणि बॅट घेऊन आला एवेलिओ, फिलोमेनाचा राक्षस. तो नुसता उभा राहिला तरी आमचे बाहेरचे क्षेत्ररक्षक चार पावलं मागे सरकतात.

पहिला चेंडू त्यानं सोडला. स्ट्राइक. दुसराही डोळे बारीक करून नुसता बघितला. स्ट्राइक. कासिमिरो धुळीत लोळत होता, पण एवेलिओ त्याच्याकडे बघतच नव्हता. तिसरा त्यानं मारला. चेंडू प्रचंड उंच गेला आणि रेषेच्या जेमतेम बाहेर, आमच्या प्रेक्षकांत पडला, म्हणून धरला गेला नाही. एवेलिओ स्वतःच्या लोकांकडे वळून ओरडला, "सरळ आहे रे! नुसता सरळ आहे! थोतांड आहे सगळं!"

फिलोमेनाचे ढोल एकदम सुरू झाले. आमच्याकडे शुकशुकाट. प्रेक्षकांत गेलेला चेंडू नेरेइदाच्या हातात होता आणि ती तो परत द्यायला तयार नव्हती.

"बाई, चेंडू," फुंदोरा म्हणाले.

"देते हो. पळून चालले का?" तिनं तो एप्रनला नीट पुसला, बघितला, पुन्हा पुसला. पोराला दम घ्यायला जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढून मग फेकला.

कासिमिरोनं खूण केली : सरळ, पण बाहेर. दुसरं काय करणार? दानिएरनं मान हलवली. नाही. कासिमिरोनं खूण बदलली. पुन्हा नाही. या पोरानं उस्तादाला आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. मग त्यानं हात ग्लोव्हमधून थोडा बाहेर काढून मधलं बोट वाकवून दाखवलं. त्याचं नख अजून शाबूत होतं. एका नखावर नखाचा चेंडू टाकत नाहीत. टाकला तर तो कुठे जाईल याची कुणी हमी देत नाही. आणि तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला, तर फलंदाज बाद होत नाही, चेंडू अंगाला लावेपर्यंत पळू शकतो. कासिमिरोनं उजवा हात पाठीमागे न्यायचा सोडून ग्लोव्हच्या शेजारी उघडा धरला. अंगठ्यासकट. मी ते पाहिलं.

चेंडू निघाला तोच वाकडा. एवेलिओनं सरळ चेंडूच्या जागेवर, सर्व ताकदीनिशी बॅट फिरवली. तिथे चेंडू नव्हता. चेंडू आधी वर गेला, मग त्याला काहीतरी आठवलं, आणि तो एवेलिओच्या गुडघ्याकडे वळून जमिनीवर आपटला. कासिमिरोनं अंग टाकलं. या वेळी अभिनय नव्हता. चेंडू छातीवर लागून दीड हात पुढे पडला.

"पळ! एवेलिओ, पळ!" त्यांचं सगळं गाव ओरडलं.

एवेलिओ पळाला नाही. चेंडू जिथे असायला हवा होता, तिथे तो बघत उभा होता. कासिमिरोनं उघड्या हातानं चेंडू उचलला आणि त्याच्या कुशीला लावला, शिंप्यानं माप घ्यावं तसा हळूच.

"बाद," फुंदोरा म्हणाले, आणि मला वाटतं ते हसले.

मग मैदानात जो उतरला तो शीर विभाग. दानिएरला त्यांनी उचललं, खाली पाडलं, परत उचललं. नेरेइदा त्याचा डावा हात वर धरून चालत होती. "हात सोडा, मावशी, दुखतोय!" "दुखू दे! सगळ्यांना बघू दे!" न्हावी गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, "दानिएर, उद्या ये रे, दाढी फुकट." कासिमिरो बाजूला बसून अंगठा एकदा उघडत होता, एकदा मिटत होता. फिलोमेनाची ती बाई आली आणि तिनं आपली बाटली परत मागितली. तिला ती मिळाली, आणि वर एक सिगारींचा गठ्ठा, कासिमिरोनंच दिला.

सोमवारी सकाळी मी ओट्यावर चढलो आणि वर्तमानपत्र उघडलं. तेवढ्यात दानिएर वळणाऱ्यांच्या दालनातून चालत निघाला. शीर विभागाला जायची वाट तिथूनच आहे. पहिल्या रांगेत कुणीतरी पान कापायची पाती बाकाच्या फळीवर आडवी आपटली. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. अशी दाद आमच्याकडे फार चांगल्या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाला मिळते. शंभरावर पात्या एकदम वाजत होत्या, छतावरची कबुतरं उडाली. त्याच्या जुन्या बाकावर अजून कुणी बसलेलं नव्हतं. त्यानं बाकाकडे पाहिलंही नाही. डावा हात खिशात, उजव्या हातानं टोपी वर करून, कान लाल करत तो सरळ पुढे गेला. पलीकडच्या खोलीतून नेरेइदाचा आवाज आला, "उशीर झाला! शुक्रवारवाल्यांना काय वेगळं घड्याळ आहे का?"

दुपारी फाटकावर नगर क्रीडा कार्यालयाची सूचना लागली. मी ती वाचून दाखवली, कारण वाचून दाखवणं हेच माझं काम आहे. तीत म्हटलं होतं, की तांत्रिक निवड मंडळाने मैदानावरील प्रत्यक्ष निरीक्षण, तुलनात्मक विश्लेषण व सखोल चर्चेअंती खेळाडू दानिएर कोरालेस पेनिचेत यांचा समावेश सुरुवातीच्या तीन पिचरांच्या फेऱ्यात, शुक्रवार या वारी, एकमताने मंजूर केला आहे.

मंडळावर पाच सभासद आहेत. त्या शुक्रवारी त्यांतला एकही मैदानावर नव्हता.